रायफल सगळ्यात शेवटी

जवळ ये बाय. कागदातून कसं यायचं ते तुझं तू बघ, पण ये, तुझा कान धरायचाय मला. परवा फोनवर विचारलंस, "आजी, टेबलावर ठेवून नेम मारायची एअर रायफल घ्यायची तर कुठली घेऊ?" मी आपली खूश. नात विचारतेय, आणि तेही असलं काही विचारतेय. सांगायला तोंड उघडलं तोवर तू म्हणालीस, "म्हणजे मी मागवलीच आहे, मंगळवारी येईल." अगं मग विचारलंस कशाला? वरात दारात आली आणि आता विचारतेस मुलगा कसा आहे?

फोटो बघितला मी. काळी, लांब, वर हातभर दुर्बीण. दिसायला छान आहे, दिसायला सगळ्याच छान असतात. पण टेबल कुठंय? स्टूल कुठंय? मागची वाळूची पिशवी कुठंय? फोटोत तू ती रायफल घरच्या जेवणाच्या टेबलावर ठेवणार असं दिसतंय, ज्याच्यावर तुझा बाप पेपर वाचताना पाय हलवतो. रायफल सगळ्यात शेवटी घ्यायची असते. हे मी नाही म्हणत. काटेवाले म्हणायचे.

तुला आठवतात का गं काटेवाले? लहानपणी तू सुट्टीत इथं कोन गावाला यायचीस तेव्हा त्यांना घाबरायचीस. मागच्या शेडमधल्या दगडी टेबलावर चढून बसलीस की ते लांबून ओरडायचे, "उतरा!" एवढ्याशा पोरीलाही अहोजाहो. तू उतरायचीस आणि रडत माझ्याकडे यायचीस.

ते आमचे भाडेकरू. नाव होतं त्यांना, चांगलं होतं, पण कळंबोलीच्या लोखंड बाजारात जन्मभर वजनकाट्यावर बसले म्हणून सगळे काटेवालेच म्हणायचे. मीही. मूळचे साताऱ्याकडचे, लग्न केलेलं नाही, बोलणं शुद्ध. काट्यावर ट्रक आला की हे खिडकीतून ड्रायव्हरला सांगायचे, "उतरा." माल तोलायचा असतो, माणूस नाही. ड्रायव्हर उतरला, क्लीनर उतरला, आत झोपलेला कुणी असला तर तोही डोळे चोळत उतरला, की मगच हे आकड्याकडे बघायचे. तोच शब्द घेऊन ते आमच्याकडे आले आणि शेवटपर्यंत तोच वापरत राहिले.

तुझे आजोबा गेले त्याच्या आधीच कोंबड्यांचा धंदा बसला होता. मागची शेड रिकामी पडलेली, लांबच लांब, दोन्ही बाजूंना जाळी. काटेवाले खोली बघायला आले, खोलीत डोकावलेसुद्धा नाहीत.

"वहिनी, मला मागची शेड पण लागेल."

मी म्हटलं, "शेडीत तुमी काय करनार? कोंबड्या गेल्या, वास नाय गेला."

"बसणार."

"बसायला ओटी हाय की पुढं."

"ओटी पंचवीस मीटर नाही."

मला वाटलं, नोकरी सुटली म्हणून माणूस जरा सरकलाय. सरकलेला होताच, पण सावकाश कळलं कुठल्या बाजूला. शेडच्या एका टोकाला टेबल, दुसऱ्या टोकाला लोखंडाची पेटी, पेटीपुढे कागद. कागदावर पंचवीस छोटी वर्तुळं, प्रत्येकात एकच छर्रा मारायचा. मधला ठिपका मोहरीएवढा. बंदूक हातात धरायचीच नाही. पुढून ती एका जड स्टँडवर टेकवायची, मागून दस्ता वाळूच्या पिशवीत बसवायचा, आणि माणसानं मागे स्टुलावर बसून फक्त चाप दाबायचा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हटलं, "बंदूक टेबलानं धरली, नेम स्टँडानं धरला, मग तुमी काय करता?"

"मी आड येत नाही," म्हणाले.

तेवढंच त्यांचं शास्त्र. गाल दाबू नका, खांदा रेटू नका, मूठ आवळू नका. रायफलवरून उतरा.

आता निवडीचं ऐक, कारण तुला तेच पाहिजे ना. त्यांनी सुरुवात टेबलापासून केली आणि टेबलातच वर्ष घालवलं. लाकडी आणलं, ते दमट हवेत कुरकुरायला लागलं. लोखंडी आणलं, ते छर्रा सुटला की थाळीसारखं वाजायचं. चार पायांचं काही आणलं की म्हणायचे, "चार पायांतला एक नेहमी खोटं बोलतो." एक दिवस मी धुण्याचा पिळा घेऊन मागच्या दारी गेले तर माझा दगडच नाही.

"काटेवाले! माझा दगड कोनी नेला?"

"मी. वहिनी, त्याच्यासारखं टेबल अख्ख्या कळंबोलीत मिळायचं नाही."

"टेबल? अवो, माझ्या सासूनं त्याच्यावर कपडं आपटलीत!"

"म्हणून तर. इतकी वर्षं आपटून हलला नाही तो."

"आनि मी आता कपडं कुठं धू? तुमच्या डोस्क्यावर?"

"वॉशिंग मशीन आणून देतो."

"नको मला. ती अंगनभर नाचल."

मशीन आलं. तुझ्या मामीनं त्याची पूजा केली. नाचलं नाही, कारण काटेवाल्यांनी आधी त्याच्याखाली फरशी समपातळीत बसवली. आणि माझा दगड विटांच्या तीन खांबांवर चढून टेबल झाला. मी दोन महिने त्यांच्याशी तुटक बोलले, पण खरं सांगते, दगड तिथे शोभून दिसत होता.

हललेलं त्यांना अजिबात चालायचं नाही. मी खलबत्त्यात काही कुटायला घेतलं की शेडमधून आवाज, "वहिनी, मिरची जरा थांबवा!" हायवेवरून भरलेला ट्रेलर गेला तर दुर्बिणीतला उभाआडवा दोरा थरथरतो म्हणायचे, आणि त्या थरथरीवरून ट्रेलरमध्ये किती माल असेल ते सांगायचे. खरं का खोटं कोण बघायला जाणार? नेम मारण्याआधी चहा नाही. चहानं नाडी उडते. चपला बाहेर. शेडमध्ये एक म्हातारी कोंबडी उरली होती, तिला मात्र सगळं माफ. ती पेटीच्या बाजूला गेली की हे रायफल उघडी करून, हात मांडीवर ठेवून ती परत येईपर्यंत बसायचे. कुणी हाकललं तर रागवायचे.

हळूहळू लोक विचारायला यायला लागले. पनवेलच्या एका बिल्डरचा मुलगा, चांगला दाढीवाला, दोन पोरांचा बाप, गाडी घेऊन आला.

"काका, बजेटचं टेन्शन नाही. बेस्ट रायफल सांगा."

"बसा."

"नाही, मला फक्त मॉडेल—"

"बसून दाखवा. रायफल आहे असं समजा."

तो दगडाशी वाकून बसला. काटेवाले पेपर वाचायला लागले. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "काका, किती वेळ?"

"पाठ दुखली की सांगा."

"दुखतेय मघापासून!"

"मग आधी स्टूल घ्या. गुडघ्याच्या थोडं वर, फिरणारं नाही, चाकांचं नाही, गादी पातळ."

"मी काय स्टुलासाठी पनवेलहून आलो?"

गेला तणतणत. तुझी मामी म्हणाली, काका गिऱ्हाईक घालवतात. गिऱ्हाईक कसलं, हे काही विकत नव्हतेच. आठवड्याभरात तो परत आला, डिकीत स्टूल. काटेवाले त्याला बघून उठले, चहा सांगितला. त्याच्या स्टुलाचा चहा, नेमाचा नाही, म्हणून चालला.

छर्ऱ्यांचंही तसंच. ते कधी मोठा डबा घ्यायचे नाहीत. वेगवेगळ्या कारखान्यांचे, वेगवेगळ्या वजनाचे छोटे डबे आणायचे आणि एकेकाचे थोडे थोडे मारून बघायचे. एकाच दुकानातल्या दोन सारख्या दिसणाऱ्या रायफलींना वेगळे छर्रे मानवतात म्हणे. मी म्हटलं, कोनता चांगला ते दुकानदाराला विचारा की. तर म्हणाले, "दुकानदार खाणार आहे का? तिला विचारा." तिला म्हणजे नळीला.

दुर्बीण लोक मोठ्यात मोठी घेतात, तूही घेतलीस. त्यांनी मोठी घेतली होती, ती विकून लहान आणली. "मोठीत मला माझी नाडी दिसते. मला नाडी बघायची नाही, वर्तुळ बघायचंय." वारा कळायला शेडभर काठ्यांवर चिंध्या लावल्या, कारण जाळीतून खाडीकडची हवा येते. माझ्या जुन्या लुगड्याची चिंधी हलेचना, नायलॉनची उगाच नाचायची, शेवटी तुझ्या मामीची शिफॉनची ओढणी पसंत पडली. मामीला विचारलं होतं, दगडावरून शहाणे झाले होते.

वाळूची गंमत सांगायची राहिली. मागची पिशवी मी शिवली, सशाच्या कानांसारखे दोन उभे कान, त्यांच्यामध्ये दस्ता बसतो. वाळू त्यांनी स्वतः शोधली. आमच्या माहेरच्या मिठागराच्या बांधाजवळची, पिठासारखी बारीक. बोटांतून सोडत बसायचे, "बघा वहिनी, काय एकसारखी." उन्हाळाभर उत्तम चाललं. पावसाळ्यात छर्रे ठिपक्याच्या वर जायला लागले. मग यांनी दुर्बिणीचे स्क्रू पिळले, छर्रे बदलले, नळी पुसून पुसून गुळगुळीत केली, माझ्या दगडावरसुद्धा संशय घेतला. एका सकाळी मी झाडायला गेले तर पिशवी ओली. वर पत्रा गळत नव्हता. मी बोट लावून जिभेवर ठेवलं आणि तिथंच खाली बसून हसायला लागले. मिठागराची पोर मी, पिशवी मीच शिवली, आणि माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. मिठाची वाळू, पावसाळ्यात पाणी सुटणारच, पिशवी भिजून बसणारच. त्यांनीही चाखून बघितली.

"म्हणजे महिनाभर मी मिठाला नेम शिकवत होतो," म्हणाले.

मग नदीची वाळू आणली, धुतली, मोठ्या कढईत भाजली. भाजताना शेजारीण विचारून गेली, आज काय बेत आहे.

एवढं सगळं कशासाठी, ते मला उशिरा कळलं. त्यांना एक पूर्ण कागद पाहिजे होता. पंचवीसच्या पंचवीस छर्रे मधल्या, दहा गुणांच्या ठिपक्यात. स्पर्धेत नाही, बक्षीस नाही, या शेडमध्ये, एकदाच. उजवा हात थरथरायचा त्यांचा. चहाचा कप ते डाव्यानं धरायचे हे मी बघितलं होतं, पण विचारलं नव्हतं. काट्यावर आकडे टाइप करताना चुकायला लागले तेव्हा मालकानं गोड बोलून घरी बसवलं. त्याचं दुःख नव्हतं एवढं. शेवटच्या दिवशी कुणी ड्रायव्हर सगळ्यांसमोर म्हणाला होता, "काटा हलत नाय, काटेवालाच हलतो." आणि ज्यांच्याबरोबर रोज डबा खाल्ला ते हसले होते. मला एकदाच सांगितलं, दस्ता पुसता पुसता. पुन्हा विषय नाही.

म्हणून तो दगड, म्हणून ते स्टूल. थरथर जिथून जिथून रायफलीत शिरेल ती एकेक वाट बंद करत होते. शेवटी फक्त एक बोट उरलं, चापावरचं. लोकांना चाप हलका लागतो, फुंकरीनं सुटणारा. यांनी घट्ट करून घेतला, कारण बोट त्यांच्या मनाआधीच पोचायचं. तरी कागद पूर्ण होईना. चांगला जात जात मध्येच एक छर्रा भलतीकडे. पुढे पुढे दोन, तीन. कागद जाळीला लावून ठेवायचे ते बंद झालं.

एका दुपारी मी भाकरी थापत होते. शेडमधून हाक आली, "वहिनी, जरा येता?" आवाज असा होता की मी तवा खाली उतरवून तशीच गेले. ते स्टुलावर बसलेले, उजवा हात मांड्यांमध्ये दाबून धरलेला.

"नेम मी लावतो. मी 'हं' म्हटलं की तुम्ही फक्त चाप दाबा. हळू. लोण्यात बोट घालतात तसं."

"मी? आनि काय फुटलं बिटलं तर?"

"कागदच फुटेल."

मी बाजूला उभी राहिले. ते डाव्या हातानं पुढच्या स्टँडची चकती फिरवायचे, चिंधीकडे बघायचे, थांबायचे, मग "हं". मी दाबायचे. फट् आवाज, दगड गप्प, रायफल होती तिथंच. पुन्हा. कोंबडी एकदा पलीकडे गेली तेव्हा तेवढे थांबलो. कागद संपला तेव्हा माझ्या हातावरचं पीठ वाळून पापुद्रे सुटले होते.

ते चालत गेले, कागद काढला, भिंगातून एकेक भोक बघत आले. बघून झालं, पुन्हा पहिल्यापासून बघितलं.

"पूर्ण आहे," म्हणाले.

मी टाळ्याच वाजवल्या. पीठ उडालं. "बगा! झाला की नाय तुमचा कागद!"

"माझा नाही. तुमचा." कागद माझ्या हातात दिला. रागानं नाही गं, वजन सांगावं तसं सांगितलं. "यात मी पुरताच उतरलोय." आणि बसून राहिले. मला इतकं वाईट वाटलं. ज्याच्यासाठी सगळं मांडलं ते समोर आलं, आणि ते घेता येईना माणसाला. मी म्हटलं, "मी भाकरीला जाते, पीठ सुकलं."

ते माझ्या हाताकडे बघत होते. "वहिनी, पीठ उजव्या हाताला आहे."

"मग? भाकरी उजव्यानंच थापतात."

"म्हणजे चाप डाव्यानं दाबलात?"

"मग काय पिठाचं बोट लावू तुमच्या बंदुकीला? उद्या म्हनाल मुंग्या लागल्या."

त्यांनी स्वतःचा डावा हात वर केला. समोर धरला. तो हात स्थिर होता, रोज चहा पीत होते त्यानं. बराच वेळ हाताकडे बघून हसले, मला वाटतं त्या वर्षातलं पहिलंच. म्हणाले, "टेबल निवडलं, वाळू निवडली, ओढणी निवडली. हात मात्र आहे तोच धरून बसलो."

दुसऱ्या दिवसापासून सगळं पहिल्यापासून. डाव्या हाताला बसेल असा दस्ता मागवला. स्टूल दगडाच्या दुसऱ्या अंगाला गेलं, त्याची उंची परत मोजली. डावा डोळा वापरायचा म्हणून दुर्बीण पुढे-मागे. माझ्याकडून पिशवीचे कान उसवून नव्यानं शिवून घेतले, कारण डाव्या अंगानं खांदा वेगळ्या उंचीला येतो. छर्रे मात्र तेच ठेवले, नळीला हाताशी काही देणंघेणं नसतं म्हणाले. डावा हात चाप दाबण्यात अडाणीच होता, पण अडाण्याला शिकवता येतं. उजवा हात खिशात. कित्येक महिने असेच गेले.

पूर्ण कागद झाला नाही. मी खोटं सांगणार नाही, तुला वाटेल शेवटी झाला असेल. त्यांचा चांगल्यात चांगला कागद झाला त्यात दोन छर्रे नवात गेले. पण भलतीकडे एकही नाही. ते दोन कुठल्या वाऱ्यानं गेले तेही त्यांनी मला सांगितलं, चिंधी दाखवून.

मग उजवा पायही ओढायला लागला आणि बहीण न्यायला आली. साताऱ्याला. मी म्हटलं, सामान टेम्पोत घालू. म्हणाले, "दगड तुमचा, बाकीचं शेडचं." रायफल भिंतीवरच्या पेटीत कुलूप लावून ठेवली, किल्ली माझ्याकडे. फक्त दोन वस्तू नेल्या. एक तो दोन नवांचा कागद, घडी घालून शर्टाच्या खिशात. पंचवीस दहांचा माझ्या देव्हाऱ्याशेजारी लावून गेले, तो तू बघितलायस, तुला वाटलं होतं कसलं तरी प्रमाणपत्र आहे. आणि दुसरी ती वाळूची पिशवी. गाडीत बसले, पिशवी मांडीवर घेतली, तिच्या दोन कानांच्या मध्ये उजवा हात ठेवला. हात तिथं गप्प पडून राहिला. मी काचेतून बघितलं, म्हणून सांगते.

बहिणीचा फोन यायचा अधूनमधून. बसायचे तेव्हा पिशवी मांडीवरच असायची म्हणे. गेल्या हिवाळ्यात गेले. तिनं विचारलं, पिशवी पाठवू का? मी म्हटलं, नको, त्यांच्याच मापाची होती.

तर बाय, आता तुझं. मंगळवारी ती काळी रायफल येईल, खोक्यातून काढू नकोस. दुर्बिणीचं नंतर बघू, विकायची का ठेवायची. दगड आहे तिथंच आहे, मी धुऊन ठेवलाय. मशीन अजून चालतं, म्हणून दगड परत लागत नाही मला. बिल्डरच्या मुलाला सांगून ठेवलंय, तो त्याचं जुनं स्टूल देईल, पण आधी तू बसून दाखवायचंस, त्याला नाही, मला. नदीची वाळू आणून भाजून डब्यात भरलीय. पिशवीचं कातडं कापून तयार आहे. फक्त शिवायचं राहिलंय, कारण तुझा खांदा किती उंचीला येतो आणि कुठला हात लावणारेस ते मला फोनवर कळत नाही. दोन्ही हात घेऊन ये. माझे डोळे सुईत दोरा ओवतात अजून, तोवर ये. या शनिवारीच ये.